पुणे ते गोवा किनाऱ्याकिनाऱ्याने, बाइकवर दोघं : बैठक, सामान आणि मुक्काम

रानवाट१६०
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर आणि तिथून सागरी मार्गाने गोवा असा बेत आहे. गाडी १६० सीसी, मागे सौ. दोन सॅडलबॅगा (मागे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या) आणि एक टेलबॅग (सीटच्या मागे बांधायची). नकाशा दिवेआगर ते गोवा बारा-तेरा तास दाखवतोय, म्हणजे मधे दोन मुक्काम पुरावेत. प्रश्न असे : सीट कडक आहे, जेल पॅड घ्यावा की हवेची उशी? मुक्काम आधी ठरवावा की पोचून बघावं? तंबू न्यावा का?

खाडीपलीकडे
आधी दिवसांचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. नकाशातल्या त्या तासांत जेट्टीवरची वाट, रस्त्यात बसलेली गुरं आणि गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) अरुंद रस्त्यावर समोरून आलेली एसटी यांचा हिशेब नसतो. दापोली आणि गुहागर तालुक्यांत दोघं बसलेल्या गाडीचा थांबे धरून सरासरी वेग ताशी २५ ते ३० किमी धरा. जास्त निघाला तर चहाला वेळ मिळाला म्हणायचं.

माझ्या हिशेबाने मधे पाच मुक्काम. पुणे ते दिवेआगर साधारण १६५ किमी. दुसऱ्या दिवशी शेखाडीच्या किनाऱ्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) वेश्वी, मग केळशी-आंजर्ले करत मुरूड किंवा कर्दे. हे शंभर-सव्वाशे किमीच भरतात, पण दिवस खातात. तिसरा दिवस मुद्दाम छोटा : दाभोळ, फेरीने धोपावे, गुहागर. चौथ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीने जयगड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. पाचवा सगळ्यात लांब : पावस, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. सहाव्या दिवशी वेंगुर्ला, शिरोडा, रेडी आणि गोवा.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि गावांमधल्या टप्प्यात रस्त्यावर दिवे नसतात. चारला मुक्कामी, हा नियम धरून मागे हिशेब करा.

फेरीचं एक लक्षात ठेवा. दाभोळची फेरी काही कारणाने बंद असली, तर गुहागर गाठायला दापोली-खेड-चिपळूण असा शंभर किमीहून मोठा वळसा पडतो. म्हणून सकाळी निघताना ज्यांच्या घरी उतरलात त्यांनाच विचारा, आज फेरी चालू आहे ना. गावात कोणीतरी काल पलीकडे जाऊन आलेलं असतंच.

चेनकव्हर
सीटबद्दल. मऊ सीट आणि आरामाची सीट या दोन वेगळ्या गोष्टी. मऊ फोम दुकानात गादीसारखा वाटतो. तासाभरात तो दबून तळाला जातो आणि बसायची दोन हाडं थेट खालच्या प्लास्टिकच्या पाटाला लागतात. सीट कडक आहे म्हणताय, तर आधी ओळखा : पहिल्या दहा मिनिटांत टोचते की तासाने? दहा मिनिटांत टोचत असेल तर तिचा आकार किंवा तिरकेपणा तुम्हाला जुळत नाही. तासाने टोचत असेल तर फोम बसलाय.

फोम बसला असेल तर पॅडच्या नादी न लागता सीटवाल्याकडून हाय डेन्सिटी फोमचा थर टाकून घ्या. तीन गोष्टी त्याला आधीच सांगा. हाडांच्या खाली रेक्झिनची शिवण येता कामा नये. मागच्या सीटवरही थर टाकायचाय. आणि उंची दीड-दोन सेंटीमीटरहून जास्त वाढवायची नाही, नाहीतर फेरीच्या उतारावर पाय टेकायची पंचाईत होते. हे काम निघायच्या महिनाभर आधी करा. नवा फोम दोन-तीनशे किमी चालल्यावरच खरा कळतो, आणि चुकला असेल तर बदलायला वेळ राहतो.

जेल पॅड उन्हात तापतो आणि ती ऊब धरून ठेवतो. डिसेंबरातही कोकणात दुपारी सावलीत लावलेली गाडीच बरी, जेल असेल तर जास्तच. तात्पुरता उपाय म्हणून हवेची उशी चांगली, पण दहातले नऊजण ती टम्म फुगवतात. मग माणूस फुग्यावर बसल्यासारखा डुलतो, वळणावर गाडीच हलतेय असं वाटतं आणि कंबर धरते. पद्धत अशी : गाडी मेन स्टँडवर घ्या, उशी पूर्ण फुगवा, नेहमीसारखे बसा आणि झडप किंचित उघडा. हवा हळूहळू जाऊ द्या. हाडं सीटला टेकताहेत असं वाटलं की झडप बंद, आणि वर दोन फुंका परत. हाडं आणि सीट यांच्यात बोटभर जाडीची हवा राहिली पाहिजे, बस्स. दुपारी हवा प्रसरण पावते, तेव्हा एकदा सोडायला लागते. संध्याकाळी गार झाल्यावर उशी मऊ लागली तर ती फाटली असं समजू नका.

चेनकव्हर
राहिलं. मागचा शॉकअप. एकट्याने चालवता त्याच खाचेवर दोघं आणि सामान घेऊन निघालात, तर प्रत्येक खड्ड्याला मागे धप्पकन तळ लागतो आणि दोष बिचाऱ्या सीटला जातो. टूलकिटमधला हुकाच्या आकाराचा पाना घेऊन प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) दोन खाचा वर घ्या. ड्युअल शॉक असतील तर दोन्हीकडे सारखंच. आणि मग हेडलाइट खाली करा. मागे वजन बसलं की नाक वर होतं आणि उजेड नारळाच्या शेंड्यांवर पडतो. सौ.ना मागे बसवून, सामान लावून, भिंतीसमोर उभं राहूनच हे जुळवा.

टायरचा दाब चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरवर बघा. दोघांसाठीचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. सकाळी टायर गार असताना मोजा. पंपावर पोचेपर्यंत तापलेल्या टायरचं रीडिंग वाढीव येतं.

मागची_सीट
धाग्यात सगळे चालवणाऱ्याचंच बोलताहेत, म्हणून मागच्या माणसाच्या वतीने.

मागे बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे खड्ड्याची तयारी करता येत नाही. चालवणारा फुटरेस्टवर वजन देऊन अंग उचलतो आणि मागच्याच्या मणक्याला सगळा दणका. खड्डा आला की गुडघ्याने किंवा कोपराने खूण करायची एवढं आधीच ठरवा.

घाट उतरताना मागचा माणूस सीटवरून पुढे घसरतो, चालवणाऱ्याच्या पाठीवर रेलतो, आणि ते सगळं वजन त्याच्या मनगटांवर जातं. दिवसाअखेर चालवणाऱ्याचे हात दुखतात ते याने, ग्रिपमुळे नाही. उपाय दोन. मागच्याने एक हात पुढे नेऊन टाकीला टेकवायचा आणि दुसरा मागच्या ग्रॅबरेलवर (धरायच्या दांडीवर). आणि सीटवर गुळगुळीत रेक्झिनऐवजी खरखरीत जाळीचं कव्हर. जाळीने घामही कमी येतो.

टेलबॅग मागच्या माणसाच्या पाठीला टेकेल अशी बांधा, पण त्याची जागा खाऊन नव्हे. बॅग आधी बांधून मग "आता बस" म्हटलं की ती बिचारी चार इंचांवर बसते. उलट करा : आधी माणूस बसवा, मग बॅग सरकवत आणा. आणि पाठीवर सॅक अजिबात नको, दोघांच्याही नाही. आठ किलोची सॅक खांद्याला तर लागतेच, शिवाय ते वजन कण्यातून सीटवरच उतरतं.

थांबा दर पाऊण तासाने, पाच मिनिटं, खाली उतरून चालायचं. गाडीवर बसून पाणी प्यायलं तर तो थांबा नव्हे.

रानवाट१६०
हे फारच उपयोगी आहे. मेन स्टँड नाहीये माझ्या गाडीला, साइड स्टँडच आहे. चालेल?

चेनकव्हर
उशीपुरतं कोणालातरी गाडी धरायला सांगा. पण मुक्कामी अडचण येईल. वाडीतली जमीन पुळणीची, म्हणजे वाळूची असते आणि साइड स्टँड रात्रीत रुततो. स्टँडखाली ठेवायला चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा कुठेही मिळेल, नाहीतर जुन्या डब्याचं सपाट झाकण बॅगेत टाका.

ओटीवरून
मुक्कामाचं मी सांगतो. किनाऱ्यावर चार प्रकार : घरगुती, लॉज-रिसॉर्ट, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासं (हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली) आणि गणपतीपुळ्याचा भक्तनिवास. बाइकवाल्यांना यात घरगुती सर्वांत सोयीचं असं माझं मत. जेवायला पुन्हा गाडी काढावी लागत नाही आणि फाटकाच्या आत गाडी राहते. पण फोनवर नेमकं विचारलं तरच.

"खोली आहे का" एवढं विचारून फोन ठेवू नका. गाडी फाटकाच्या आत राहील का आणि वर काय आहे? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. माडाखाली गाडी लावायची नाही. नारळ पडला तर टाकीला पोचा, आणि सुकलेली झावळी वाऱ्याने पडली तर आरसा, इंडिकेटर गेलाच. पडवीच्या पत्र्याखाली किंवा खळ्यात (अंगणात) मधोमध लावा. दर खोलीचा की माणशी, आणि त्यात नाश्ता-जेवण धरलंय का? पुष्कळ घरी माणशी जेवणासकट सांगतात आणि दोघांना ते खोलीच्या दरापेक्षा वेगळं पडतं. सामिष मिळेल का? दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर इथल्या बऱ्याच घरी फक्त शाकाहारी असतं. तिथे जाऊन सुरमईचा हट्ट धरणं बरं नव्हे. इन्व्हर्टर आहे का? वीज गेली आणि पंखा बंद झाला की डास आणि दमट हवा मिळून झोपेचं वाटोळं करतात. सकाळी साडेसहाला फाटक उघडेल का आणि तेव्हा चहा मिळेल का?

रात्रीच्या जेवणाचा आकडा दुपारी दोन-तीनपर्यंत कळवायचा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच. घरची बाई तुमच्यासाठी सहा वाजता नारळ खोवायला बसणार नाही.

आणि एक, जे लोक विसरतात : एकट्या पुरुषाला किंवा फक्त मुलांच्या ग्रुपला काही घरी खोली देत नाहीत, "फक्त फॅमिली" म्हणतात. तुम्ही नवरा-बायको आहात म्हणून तुम्हाला अडचण नाही. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांनी फोनवरच विचारून घ्यावं. ओळखपत्र दोघांचंही लागतं.

खाडीपलीकडे
आधी ठरवावं की पोचून बघावं, याचं उत्तर वारावर आहे. सोमवार ते गुरुवार पोचून बघितलं तरी चालतं. शुक्रवार-शनिवारी नाही. नाताळापासून एक जानेवारीपर्यंत तर विसराच. अंगारकी आली तर गणपतीपुळे आणि आसपासची सगळी गावं भरतात. गणपतीत आणि शिमग्याला उलटं असतं : घरात मुंबईची माणसं आलेली असतात, म्हणून घरगुती खोल्याच मिळत नाहीत. तुमच्या तारखांना यातलं काही नाही, तेव्हा शुक्रवार-शनिवारचे तेवढे मुक्काम आगाऊ रक्कम देऊन पक्के करा आणि बाकी मोकळं ठेवा. मोकळं ठेवलं की दुपारी दोनला थकवा वाटला तर आधीच्या गावातच थांबता येतं. पाचही रात्रींचे पैसे भरून ठेवले की माणूस पैशापायी अंधारात चालवतो.

सॉल्टी_चेन
समुद्राला लागून खोली घेऊ नका असं मी म्हणेन. फोटोत छान दिसते. पण रात्रभर खारं दव येतं. सकाळी व्हायझरवर पांढरट थर, चेन तांबूस, आरशांच्या दांड्यांवर गंजाचे ठिपके. किनाऱ्यापासून चार-पाचशे मीटर आत, वाडीतली खोली घ्या. चालत पाच-सात मिनिटांत पुळणीवर पोचता. आवाज कमी, वारं कमी, भाडंही बहुधा कमी.

व्हायझर कोरड्या फडक्याने पुसायचा नाही. मीठ आणि वाळू मिळून त्यावर ओरखडे ओढतात. ओलं फडकं दोन मिनिटं ठेवा, मग पुसा. चेनला मुक्कामी पोचल्याबरोबर, ती गरम असताना, ल्यूब (चेनचं वंगण) मारा. सकाळी निघताना मारलं तर सगळं मागच्या टायरवर आणि सौ.च्या पायावर उडतं. एरवी पाचशे किमीला मारत असाल तर इथे दर दोन दिवसांनी. चेनची ढील वीस ते तीस मिलिमीटर किंवा मॅन्युअलमध्ये असेल ती ठेवा, आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्या पद्धतीनेच मोजा. वजन बसलं की चेन ताणली जाते, म्हणून ती घट्ट ठेवू नका.

पुळणीवर गाडी नेऊ नका. बंदी असते ती वेगळी, पण बेअरिंगमध्ये खारी वाळू गेली की पुढचा खर्च तुमचाच.

रानवाट१६०
तंबूबद्दल कोणीच बोललं नाही.

ओटीवरून
कारण इथे तो नको. डिसेंबरात किनाऱ्यावर दव इतकं पडतं की एकपदरी तंबू आतून पाझरतो. सकाळी तो ओलाच गुंडाळावा लागतो, आणि ओला तंबू म्हणजे दोन किलो जास्त वजन आणि संध्याकाळी कुबट वास. शिवाय वाडी कोणाची ना कोणाची असतेच, विचारल्याशिवाय टाकता येत नाही. विचारायला गेलात तर ते खोलीच दाखवतील.

माळरान
थोडा विरोध नोंदवतो. देवगड ते मालवण पट्ट्यात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) दव कमी असतं, वारं असतं, दुपदरी तंबू असेल तर झोप उत्तम. फक्त जांभ्यावर खुंट्या ठोकता येत नाहीत, त्यामुळे दगडांना दोऱ्या बांधणारा, स्वतः उभा राहणारा तंबू हवा. तळाला जाड शीट, नाहीतर जांभ्याची कडा तंबूचा तळ फाडते. मागे बायको आणि १६० सीसी गाडी असताना मात्र मीही नेणार नाही. त्या वजनात दोघांचं पाणी आणि पावसाळी कपडे बसतात.

ओटीवरून
मान्य, सड्यावर चालेल.

मागची_सीट
कपड्यांचं कोणी लिहिलं नाही, आणि कोकणात बैठकीची निम्मी दुखणी कपड्यांची असतात. सुती अंतर्वस्त्र घाम धरून ठेवतं, शिवण मांडीला घासते आणि तिसऱ्या दिवशी बसवत नाही. पटकन वाळणारं, मांडीपर्यंत येणारं, सपाट शिवणीचं घाला. दोघांना तीन-तीन जोड पुरे. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. जांघेत सकाळीच पेट्रोलियम जेली लावा, खाज सुटल्यावर नाही. जाड पॅडची सायकलिंग चड्डी टाळा, दमट हवेत तो पॅड दिवसभर ओलाच राहतो.

वाळवणं : कपडे पिळून झाले की कोरड्या पंचावर पसरा, पंचाची घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर उभं राहा. पंचा बरंच पाणी शोषून घेतो. मग पंख्याखाली टाकलं की पहाटेपर्यंत वाळतं. बाहेर दांडीवर टाकलं तर दव पडून संध्याकाळपेक्षा जास्त ओलं मिळतं. एसीच्या खोलीत कपडे लवकर वाळतात, कारण एसी हवेतला दमटपणा काढतो. म्हणून सहा दिवसांत एक रात्र एसीची घ्यायची असेल तर ती मधली घ्या. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर त्याच रात्री धुवा.

बूट आणि हेल्मेट ओटीवर ठेवलं असेल तर सकाळी झटकून घालायचं. विंचू असतो म्हणून, उगाच भीती घालायला नाही.

रानवाट१६०
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न : फेरीवर गाडी चढवताना काही विशेष? सौ. त्याचीच धास्ती घेऊन बसली आहे.

खाडीपलीकडे
त्यांना धक्क्यावरच उतरवा आणि चालत चढू द्या, निम्मी धास्ती तिथेच गेली. जेट्टीच्या उताराचा खालचा भाग ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. फेरीचा लोखंडी पत्रा ओला असतो. पहिला गिअर, क्लच अर्धा, थ्रॉटल एकसारखा, आणि पत्र्यावर पुढचा ब्रेक अजिबात नाही. मागचाच, तोही हलका. पत्रा आणि उतार यांच्या जोडावर पायरीसारखी फट असते, ती सरळ ओलांडा, तिरकी नाही. समोरची गाडी पूर्ण आत जाईपर्यंत उतारावर सुरुवात करू नका, कारण मधे थांबायची वेळ आली तर ओल्या शेवाळावर पाय टेकावा लागतो आणि गाड्या पडतात त्या तिथेच.

आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये, इंजिन बंद, स्टँड लावून, हँडल डावीकडे. पुढचा ब्रेक लिव्हर ओढून जाड रबरबँडने ग्रिपला बांधा. फेरी धक्क्याला टेकताना हिसका बसतो, तेव्हा गाडीशेजारी उभे राहा. तिकिटाला सुटे पैसे ठेवा, रेंज असेलच असं नाही.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड आणि मालवण इथे भरत चला, अर्धी टाकी असली तरी.

रानवाट१६०
मग असं ठरलं : बुधवारी निघतो. दिवेआगर, कर्दे, गुहागर, रत्नागिरी, मालवण. एसीची रात्र गुहागरला.

ओटीवरून
बुधवारी निघालात तर गुहागरला शुक्रवार येतो आणि रत्नागिरीला शनिवार. शुक्रवारी संध्याकाळपासून चिपळूण-कोल्हापूरकडच्या गाड्या गुहागरात उतरतात. सोमवारी निघा (मग शुक्रवार मालवणला येतो, तेवढा आधी ठरवा), नाहीतर गुहागर आणि रत्नागिरी दोन्हीकडे आजच फोन करा.

सॉल्टी_चेन
आणि क्लचची एक जादा वायर आताच जुन्या वायरीला समांतर टेपने लावून ठेवा. तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची. वेळणेश्वर ते तवसाळ टप्प्यात तुमच्या गाडीची वायर दुकानात मिळेलच असं नाही.